पुराच्या सालचा कासिम

९ जानेवारी २०२५
बिबवेवाडी, पुणे

चि. तौफिक,

तुझा पत्ता सुंदराबाईंनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस. आधी त्या देत नव्हत्या. "पोरानं सांगितलंय, कुनाला देऊ नका म्हून," एवढंच म्हणायच्या आणि पोळ्या लाटत राहायच्या. मग एक दिवस बालगृहाच्या स्वयंपाकघरातून स्वतःच माझ्या टेबलापाशी आल्या आणि पदराच्या गाठीतून कागद काढून ठेवला. "लिवा त्याला. पन वरडू नका," म्हणाल्या. मी मुलांवर कधी ओरडलो असेन असं मला आठवत नाही. पण त्यांना तसं वाटत असेल तर काहीतरी कारण असणार.

फोन तू उचलत नाहीस, ते ठीक आहे. शिरोलीच्या फौंड्रीत काम धरलंस आणि वसतिगृह सोडलंस असं कळलं. उष्णतेचं काम आहे. पाणी पीत जा.

कासिमला जाऊन दोन महिने होत आले. त्याची बॅग ठेकेदाराच्या माणसाने बालगृहात आणून दिली. ती माझ्या कपाटात आहे. त्यात निळा स्वेटर, दोन शर्ट, काच फुटलेला मोबाइल आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रंगाचा ब्रश आहे. ब्रश धुऊन, केस सरळ करून ठेवलेला आहे. मी काही बाहेर काढलं नाही, फक्त काय आहे ते पाहिलं.

कामगार अधिकाऱ्यांचं पत्र आलं आहे. ठेकेदाराचं म्हणणं असं की मुलगा अठरा पूर्ण होता, स्वतःच्या मर्जीने रंगाऱ्यांच्या दोरावरच्या झुल्यावर चढला, सुरक्षेचा पट्टा त्याने स्वतःच बांधला नाही आणि पडला. अधिकाऱ्यांना जवळच्या नातेवाइकाचा जबाब हवा आहे. तू त्याचा भाऊ, तुझ्याशिवाय त्याचं कोणी नाही. तू यावंस.

कब्रस्तानात तू मला जे म्हणालास, त्याबद्दलही लिहायचं आहे. ते पुढच्या पत्रात लिहीन.

तुझा,
धम्मदीप ओव्हाळ


२ फेब्रुवारी

चि. तौफिक,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

घरी बायकोने, भाग्यश्रीने, मागचं पत्र टाकण्यापूर्वी वाचलं. पाकीट मी उघडंच ठेवलं होतं. वाचून म्हणाली, "हे पत्र आहे की अहवाल? शेवटी जावक क्रमांक तेवढा राहिला." तिचं खरं आहे. सत्तावीस वर्षं बालगृहात समाजसेवक म्हणून मुलांविषयी अहवालच लिहिले. मूल कुठे सापडलं, अंगावर कपडे कोणते होते, काय सांगितलं. त्यात मी स्वतः कुठे नसतो.

हडपसरच्या कब्रस्तानात, माती देऊन झाल्यावर, तू माझ्याजवळ आलास. हातांना माती होती. म्हणालास, "सर, मीच त्याला बारा सांगायला लावलं होतं. तेव्हा दहा सांगितलं असतं तर आत्ता तो बालगृहात असता."

मी काही बोललो नाही. तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नंतर आपल्या चपला शोधायला गेलो. परत आलो तेव्हा तू निघून गेला होतास. तुला वाटलं असेल, सरांनाही तसंच वाटतं.

तसं नाही. तू त्या दिवशी तेरा वर्षांचा होतास आणि मी एक्कावन्नचा. त्या दिवसाबद्दल तुला नीट आठवत नसेल, म्हणून लिहितो.

दोन हजार अठराचा डिसेंबर होता. पुणे स्टेशनवर पोलिसांना तुम्ही दोघे मिळालात. मामाने ज्या माणसाच्या हाती सोपवलं होतं तो मुंबईला बॅगांच्या कारखान्यात नेणार होता. पुण्यात दुसऱ्या गाडीत बसवलं, तो पाणी भरायला उतरला आणि तू भावाचा हात धरून दुसऱ्या दाराने उतरलास. हे तू नंतर सांगितलंस. त्या दिवशी तू काहीच बोलत नव्हतास. कासिम बोलत होता. सुंदराबाईंनी दिलेला वरणभात खात खात बोलत होता.

आमच्या कामात लहान मुलाला वय विचारत नाहीत. विचारलं तर ते कोणीतरी शिकवलेलं सांगतं. गावात काय घडलं ते विचारायचं. तुझ्या जन्माच्या वेळी काय झालं होतं? घरात कोणाचं लग्न होतं, आग लागली होती, निवडणूक होती? मग आपण साल काढायचं. हे मला माझ्या आधीच्या सरांनी शिकवलं आणि मी पुढे कितीतरी जणांना शिकवलं. मला त्याचा अभिमान होता.

मी कासिमला तसंच विचारलं. त्याने तोंडातला घास न गिळताच सांगितलं, "हम बाढ़ वाले साल में हुए. बाँध पर. सब लोग बाँध पर थे. अम्मी बोलती थी, ऊपर प्लास्टिक, नीचे पानी, बीच में तुम."

तुमचा जिल्हा सुपौल. कोसी नदीचा तो पूर सगळ्यांना माहीत आहे. दोन हजार आठ, ऑगस्ट. मला कागदावर गणितही करावं लागलं नाही. दहा वर्षं.

मग मी तुम्हाला सांगितलं की लहान मुलांचं बालगृह वेगळं आहे आणि बारा ते अठराचं हे. तू तेव्हा पहिल्यांदा मान वर केलीस. टेबलाखाली भावाच्या पायावर पाय दिलास. मी तो पाहिला. मग तू म्हणालास, "ये बारह का है." कासिमने तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाँ, बारह."

म्हणजे मी दोन्ही उत्तरं ऐकली होती. कोणतं खरं तेही मला कळलं होतं. तू खोटं बोललास म्हणून मी फसलो, असं झालेलं नाही. मी लिहिलं, "वय अंदाजे बारा, मूल सांगते त्याप्रमाणे व दिसण्यावरून. वैद्यकीय तपासणीची आवश्यकता वाटत नाही." बालकल्याण समितीपुढे तेच वाचून दाखवलं. त्यांनी विश्वास ठेवला, कारण अहवाल ओव्हाळांचा होता. जन्मतारीख एक जून लावली. साल दोन हजार सहा.

दोघा भावांची ताटातूट होऊ नये म्हणून मी हे केलं. एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

धम्मदीप ओव्हाळ


३ मार्च

तौफिक,

आज रविवार नाही, तरी घरी आहे. रजा घेतली. मुंढव्याला जाऊन आलो.

कासिम पडला त्या इमारतीचं बाहेरचं रंगकाम आता पूर्ण होत आलं आहे. फिकट पिवळा रंग. एका बाजूला वरून दोर सोडून तो झुला लावलेला होता आणि त्यावर दोन मुलं होती. पट्टे होते की नाही ते खालून दिसत नव्हतं. मी बराच वेळ उभा राहिलो. त्यांना खाली बोलावून पूर कधी आला होता असं विचारायचं माझ्यात धाडस नव्हतं.

ठेकेदार भेटला. खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणालो, "तुम्ही त्याला इमारतीच्या आतलं काम देतो म्हणाला होतात."

"दिलं होतं की. पण पोराचा हातच असा होता, साहेब. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा. बाहेरच्या कडांना असाच माणूस लागतो. तोच म्हणाला, वर जातो."

"तो लहान होता."

त्यावर तो हसला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. त्याने फाइल काढली आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. बालगृहातून बाहेर पडताना दिलेला दाखला. खाली माझी सही. "हा तुमचाच कागद ना, ओव्हाळ साहेब? अठरा पूर्ण. मी पोरांना विना कागदाचं ठेवतच नाही. आता तुम्हीच म्हणताय लहान होता?"

मी चहा प्यायलो आणि निघालो. चहा प्यायलो हे मी भाग्यश्रीला सांगितलं नाही. तुला सांगतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुम्हा भावांची ताटातूट होऊ नये म्हणून वय वाढवलं. ते खोटं नाही. पण पूर्ण नाही. त्या डिसेंबरात बालगृहाची तपासणी व्हायची होती. मुलांचा पट कमी झाला होता. आणखी कमी झाला असता तर अनुदान घटलं असतं आणि दोन पदं गेली असती. त्यातलं एक सुंदराबाईंचं. अधीक्षकांनी आदल्या दिवशीच मला म्हटलं होतं, "आलेली मुलं शक्यतो इथेच ठेवा." तुम्ही दोघे म्हणजे दोन नावं. एकाला दुसरीकडे पाठवायचं तर आधी वेगळा अहवाल, मग पोलिस सोबत, गाडी, माझा एक दिवस.

एवढी वर्षं मी स्वतःला भावांचंच कारण सांगत आलो. ते कारण चांगलं दिसतं. सुंदराबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांची नोकरी वाचली, तिच्या बदल्यात काय गेलं हे त्यांना कळलं तर त्या काय करतील मला माहीत नाही.

दुरुस्ती करता आली असती. दुसऱ्या वर्षी शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं, "हा मुलगा वर्गात सगळ्यांत लहान वाटतो हो. आत्ता कुठे दाढा येतायत त्याच्या. वय तपासा." मी अधीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, "एकदा समितीने नोंदवलेलं वय तेच कायद्याने खरं. आता उकरून काय करता?" मला तेवढंच हवं होतं. मी परत विषय काढला नाही.

त्या शाळेत तो मराठी किती लवकर शिकला, तुला आठवतं? तुझ्याआधी शिकला. बसमधून येताना कंडक्टरची नक्कल करायचा. "चला, पुढे चला, पुढे काय वाघ बसलाय?" सगळं बालगृह हसायचं. मी ऑफिसातून ऐकायचो.

जबाबाची तारीख पुढे गेली आहे. तू आलास तर जाण्यायेण्याचं मी बघेन. तू म्हणशील, सर आता सगळं बघायला निघाले.

धम्मदीप


११ एप्रिल

तौफिक,

सुंदराबाई म्हणाल्या, तू पत्रं वाचतोस. "वाचतोय, पन बोलत न्हाई. मी इचारलं तर म्हन्तो, अजून यायचंय." काय यायचं आहे ते त्यांना कळलं नाही. मला मात्र कळलं असं वाटतं.

हे पत्र मी तीन वेळा लिहायला घेतलं. भाग्यश्रीने शेवटी विचारलं, "काय लपवताय?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "तीस वर्षं बघतेय. तुम्ही गप्प असता ते वेगळं आणि लपवता ते वेगळं. लपवताना तुम्ही चष्मा पुसता." मी खरोखरच चष्मा पुसत होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात, शाळेला सुटी लागल्यावर, एका दुपारी कासिम माझ्या ऑफिसात आला. तू तेव्हा वसतिगृहात कोल्हापूरला होतास. मी म्हणालो, बस. तो बसला नाही. दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"सर, एक जूनला मी बाहेर ना?"

"वसतिगृहासाठी नाव दिलं आहे. जागा होईपर्यंत मुंढव्याला रंगकामाची सोय केली आहे. राहायलाही तिथेच."

"पण सर, मी सोळाचा पण नाहीये अजून."

मी लिहीत राहिलो. काय लिहीत होतो ते आठवत नाही.

"सर, मी समितीला खरं सांगू का? पुराचं सांगतो. म्हणजे मला दोन वर्षं अजून राहता येईल. दहावी पण होईल. तिथल्या बाई चांगल्या आहेत, त्या ऐकतील."

तौफिक, त्याने हे इतकं सोपं करून सांगितलं होतं. मी त्याला घेऊन दुसऱ्या दिवशी समितीपुढे जायचं आणि म्हणायचं, वय चुकलं, तपासणी करा. एवढंच काम होतं.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "आणि तौफिकचं काय? खोटं त्याने सांगायला लावलं होतं. त्याला वसतिगृहातून काढलं तर? भावाचा विचार केलास का?"

त्याचा चेहरा लगेच उतरला. "भाईला काय करतील?"

"ते मला सांगता येणार नाही."

मला सांगता येत होतं. तुला काहीही झालं नसतं. तेरा वर्षांच्या मुलाने भावापासून दूर जायच्या भीतीने जे सांगितलं, त्याबद्दल त्याला कोणी वसतिगृहातून काढत नाही. विचारलं गेलं असतं ते मला. अहवाल माझा, सही माझी, "तपासणीची आवश्यकता वाटत नाही" हे शब्द माझे. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. मी तुझं नाव पुढे केलं कारण तुझ्या नावाने तो थांबेल हे मला माहीत होतं. एवढी वर्षं तुम्हा दोघांना जवळून पाहिल्यामुळे माहीत होतं.

मग तो म्हणाला, "बरं सर. राहू द्या." आणि दारातून बाहेर पडताना, मला बरं वाटावं म्हणून असेल, कंडक्टरच्या आवाजात म्हणाला, "चला, पुढे चला. पुढे काय वाघ बसलाय?"

त्याने तुला हे सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं नसावं.

एक जूनला नेहमीप्रमाणे सकाळी शिरा झाला. बालगृहात सगळ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, कारण कोणाचीच खरी तारीख माहीत नसते. माझीही नाही. माझे वडील खडकीच्या कारखान्यात होते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली, तेव्हा ते गप्प राहिले आणि मास्तरांनी एक जून लिहिलं. म्हणून त्या दिवशी मुलं मलाही शिरा आणून द्यायची. गेल्या वर्षी कासिमने आणून दिला. दुपारी त्याने दाखल्याची पोच म्हणून सही केली. सही छान होती, एका रेषेत. मग बॅग घेऊन गेला. मी फाटकापर्यंत गेलो होतो.

म्हणजे तू जे कब्रस्तानात म्हणालास ते चूक आहे. तुझ्या बारा सांगण्याने तो बाहेर पडला नाही. तो बाहेर पडण्यापूर्वी खरं सांगायला आला होता आणि त्याला मी थांबवलं, तुझ्या नावाने. मग नोव्हेंबरात तू माझ्यासमोर तेच ओझं घेऊन उभा राहिलास आणि मी ते तुझ्याकडेच राहू दिलं.

क्षमा मागावी असं मनात येतं. पण ते मागणंही तुझ्यावर काहीतरी टाकणंच आहे. म्हणून नाही मागत.

धम्मदीप ओव्हाळ


२० मे

तौफिक,

काल समितीपुढे आणि त्यानंतर कामगार अधिकाऱ्यांपुढे मी लेखी जबाब दिला. स्टेशनवर सापडल्यापासून दाखल्यापर्यंत सगळं. कासिम मेमध्ये माझ्याकडे आला होता तेही. तुझ्याविषयी एवढंच लिहिलं की मोठा भाऊ तेव्हा बालक होता.

आदल्या दिवशी अधीक्षकांना सांगितलं. ते खुर्चीतून उठून दार लावून आले. "ओव्हाळ, बारा दिवस राहिलेत तुमचे. गप्प बसायला तुम्हाला काय शिकवायला पाहिजे का? आयुष्यभर तेच केलंत ना?" ते चिडून म्हणाले, पण इतकं अचूक मला आजवर कोणी बोललं नव्हतं. मी फक्त म्हणालो, "पटाचंही लिहिलं आहे, साहेब. तुमचं नाव विचारलं तर सांगेन." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. निरोप समारंभ रद्द झाला. भाग्यश्री म्हणाली, "बरं झालं, ती शाल आणि नारळ ठेवायला घरात जागा नाही." मग चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. म्हणाली, "हे तुम्ही त्या पोराला आधी सांगितलंत आणि मला नंतर. ते बरोबर केलंत."

सुंदराबाईंनाही सांगितलं, पटाचं. त्या दिवशी माझं ताट त्यांनी वाढलं नाही. मी स्वतः घेतलं.

आता मुद्द्याचं. अधिकाऱ्यांनी वाचून मला विचारलं, "तुम्ही आधी बारा लिहिलं, आता दहा म्हणता. आम्ही कोणत्या ओव्हाळांवर विश्वास ठेवायचा?" प्रश्न बरोबर आहे. माझ्या शब्दाला आता किंमत नाही, ती मीच घालवली. कासिम बांधावर जन्मला हे माहीत असलेला दुसरा माणूस फक्त तू आहेस. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास, पण आईकडून ऐकलेलं तुला माहीत आहे, आणि समिती असा जबाब घेते. तू आलास तर तो मेला तेव्हा सोळा वर्षांचा होता हे कागदावर येईल आणि ठेकेदाराला उत्तर द्यावं लागेल. नाही आलास तर तो अठरा पूर्णच राहील.

सुनावणी सतरा जूनला, सकाळी अकराला आहे. मी तुला ये म्हणणार नाही. मी तुम्हाला काय करा ते सांगत आलो, त्याचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं.

धम्मदीप ओव्हाळ


१९ जून

तौफिक,

परवा तू आलास. मी बाकावर बसलो होतो, तू समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलास. मेमध्ये कासिम उभा होता अगदी तसाच, म्हणून मी मान खाली घातली.

आत तू जे सांगितलंस ते मी ऐकत होतो. समितीच्या बाईंनी विचारलं, "तुला कसं माहीत त्याचा जन्म कधीचा?" तू म्हणालास, "मला भूक लागली होती आणि अम्मी उठत नव्हती. एका बाईनं मला चुरमुरे दिले आणि म्हणाली, रडू नको, भाऊ झालाय. सगळीकडे पाणी होतं. एवढंच आठवतं, बाकी अम्मी सांगायची." बाईंनी लिहिणं थांबवलं होतं. मग तू म्हणालास, "सरांना त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तिथेच होतो. मीही ऐकलं होतं." माझ्याकडे न बघता म्हणालास. समितीने नोंद दुरुस्त करण्याचा आदेश काढला, त्याची प्रत सोबत जोडली आहे. ठेकेदाराविरुद्धची तक्रार त्यामुळे पुन्हा उघडेल. माझी चौकशीही लागली आहे, ती वेगळी.

बाहेर आल्यावर मी तुला बॅग दिली. तू तिथेच पायरीवर बसून उघडलीस. निळा स्वेटर काढून अंगाला लावून पाहिलास आणि म्हणालास, "हा तर लहान मुलाचा आहे." मग तो माझ्याकडे दिलास. "बालगृहात कुणाला तरी होईल." ब्रश मात्र तू पिशवीसकट शर्टाच्या खिशात ठेवलास.

आणि मग तू ते सांगितलंस. मी इथे लिहून ठेवतो, कारण मला ते विसरायचं नाही आणि मी जबाबात जे लिहिलं ते त्याशिवाय अपुरं आहे.

"मेमध्ये त्यानं मला फोन केला होता, सर. म्हणाला, भाई, खरं सांगू का? मी म्हटलं, मला काय कळतं. सरांना विचार. सर सांगतील तसं कर."

या वेळी मी चपला शोधायला गेलो नाही.

"दोन दिवसांनी म्हणाला, सर नको म्हणाले. मी विचारलं, का? तो म्हणाला, असंच. मला वाटलं, सरांनी काहीतरी विचार केला असेल." तू बॅगेची चेन लावलीस. "तुमची पत्रं आली. मी बघत होतो, का नको म्हणालात ते येतंय का. पहिल्यात नव्हतं, दुसऱ्यात नव्हतं, तिसऱ्यात पण नव्हतं. चौथ्यात आलं, त्या दिवशी मी यायचं ठरवलं."

मी विचारलं, कब्रस्तानात जाऊ या का. तू म्हणालास, "मी एकटा जातो." आणि जाताना, "आता पत्र लिहू नका, सर." हे एवढं आदेशाची प्रत पाठवण्यासाठी लिहिलं. यापुढे लिहिणार नाही.

एकच राहिलं. आज सुंदराबाईंकडे स्वेटर द्यायला गेलो होतो. त्यांनी तो घडी करून ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "सर, त्याची तारीख ऑगस्टातली निघाली ना? मग शिरा कवा करायचा? येक जूनला केला त्यो त्याचा न्हवताच की. औंदा ऑगस्टात करू का? पोरं खातील."

त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या, एवढी वर्षं सगळे बघायचे तसं.

मी म्हणालो, "मला विचारू नका. तौफिकला विचारा."

धम्मदीप ओव्हाळ